स्लॅबच्या दिवशीचं पाणी

“उजव्या किडनीतून खाली येणारी जी नळी असते, तिच्यात खडा अडकलाय. लघवी वरच्या वर तुंबलीय आणि त्या तुंबलेल्या लघवीत जंतू वाढलेत. आजच्या आज वाट मोकळी केली नाही, तर ही किडनी हातची जाऊ शकते.”

अमरावतीच्या एका खासगी रुग्णालयात सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी बसले होते, तेव्हा युरॉलॉजिस्टनी, म्हणजे मूत्रमार्गाच्या डॉक्टरांनी, मला हे सांगितलं. मे महिना होता. वरचा पंखा गरम हवा फेकत होता आणि मी दोन चादरी पांघरून कुडकुडत होते. शेजारी आई होती. निरोप मिळताच ती अकोल्याहून मिळेल त्या गाडीने बडनेऱ्याला उतरली आणि तिथून ऑटोने आली. फुलांची टोपली बाजारातल्या शेजारणीच्या हवाली करून ती तशीच निघाली होती. तिच्या पदराला अजून मोगऱ्याचा वास येत होता.

“दिवसभरात पाणी किती पिता?” डॉक्टरांनी विचारलं.

सकाळी निघताना कपभर चहा, दुपारी डबा खाल्ल्यावर घोटभर पाणी, आणि मग एकदम संध्याकाळी खोलीवर परतल्यावर. जे होतं ते मी सांगितलं.

आई कौतुकाने म्हणाली, “माही पोरगी लहानपणापासूनच सोशिक हाय, डॉक्टरसाहेब. दिवस दिवस तहान मारते.”

“मावशी, किडनी सोशिक नसते,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “काम काय करता?”

“बांधकामावर सेफ्टी सुपरवायझर आहे. कामगारांची सुरक्षितता बघते.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

हा अनुभव मी लिहितेय तो दिवसभर घराबाहेर राबणाऱ्या बायकांसाठी. त्या साइटवर असोत, शेतात असोत, बाजारात असोत की एसटीच्या तिकीट खिडकीत. माझं दुखणं काही जगावेगळं नव्हतं. ते टाळता येतं आणि वेळेत कळलं तर बरंही होतं. मी बरी झाले आहे. म्हणून कुणाला घाबरवायला मी हे लिहीत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. आमचं गाव अकोल्याजवळ. वडील विहिरीच्या पाण्यावर फुलं पिकवतात आणि आई ती अकोल्यात जुन्या शहराच्या बाजारात बसून विकते. ज्या वर्षांत मी शिकले, त्या वर्षांत आमच्याकडच्या कापसाने सगळ्यांना बुडवलं होतं. लग्नं साधी व्हायला लागली, तसा हारांचा खपही उतरला. तरी आईवडिलांनी मला शाळेतून काढायची भाषा कधी केली नाही. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. गणिताच्या सरांनी स्वतः अमरावतीला येऊन मला सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊन दिला. त्यांच्यामुळे माझ्या हातात डिग्री आली, आणि डिग्रीमुळे बडनेरा रोडवरच्या एका सहामजली इमारतीच्या कामावर मला नोकरी मिळाली.

माझं काम असं की उंचीवर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा आहे का, डोक्याला हेल्मेट आहे का, जिन्याला तात्पुरता कठडा लावलाय का, सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅबच्या साच्याखालचे, टेकू बसलेत का, ते बघायचं. स्लॅब टाकायच्या आधी सगळं तपासून मी सही करायची. माझ्या सहीशिवाय काँक्रीट पडत नसे. मला या कामाचा अभिमान होता आणि आजही आहे.

साइटवर बायका बऱ्याच होत्या. दर्यापूरकडच्या, मोर्शीकडच्या, काही मेळघाटातून उतरलेल्या. पूर्वी म्हणे त्या दिवाळीनंतर यायच्या आणि पेरणीला परत जायच्या. त्या वर्षांत मात्र बऱ्याचजणी बारा महिने इथेच राहायला लागल्या होत्या. त्यांच्यात कांताबाई म्हणून एक होत्या, चाळिशीच्या, उंच, आवाज खणखणीत. बायकांचं काय हवं-नको ते त्याच बोलायच्या.

साइटवर बायकांसाठी संडास-बाथरूम नव्हतं. पुरुषांना त्याची अडचण वाटत नसे. इंजिनिअर मंडळी मोटरसायकलवरून पेट्रोल पंपावर जाऊन यायची. काम सुरू झालं तेव्हा शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये बेशरमाची दाट झाडी होती, तिच्या आडोशाला बायका जायच्या. पुढे प्लॉटच्या मालकाने झाडी तोडून कंपाउंड घातलं. आमची इमारत वर चढत गेली आणि समोरच्या इमारतीच्या बाल्कन्याही. आडोसा म्हणून काही उरलाच नाही.

मग बायकांनी त्यावर आपला उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही.

हे मला रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. मी बाटलीतून घटाघटा पाणी पीत होते. कांताबाईंनी घमेलं खाली ठेवलं आणि जवळ आल्या.

“मॅडम, इतलं पानी पेऊन राहिल्या तुमी. मंग संध्याकाळलोक कुठी जासान?”

त्यांनी पदराची गाठ सोडून वाळवलेल्या आवळ्याची सुपारी माझ्या हातावर ठेवली. “हे धरा तोंडात. तोंड वलं राह्यते, तहान लागत नाही.”

खरोखरच तहान लागली नाही. सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला हे सांगितलं. तिला फार पटलं. त्या हिवाळ्यात तिने आवळे किसून, मीठ-जिरं लावून गच्चीवर वाळवले आणि मोठी बरणी भरून मला दिली. दर वेळी घरून परतताना ती बरणी पुन्हा भरलेली असायची. मी त्यातली सुपारी बायकांनाही वाटायची. आम्ही सगळ्या मिळून, अगदी प्रेमाने, एकमेकींची तहान मारत होतो.

स्लॅबचा दिवस सगळ्यात कठीण. स्लॅबचं काँक्रीट एकदा सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही. थांबलं तर तिथे जोड राहतो आणि पुढे तिथून पाणी झिरपतं. त्यामुळे मिक्सरपासून वरपर्यंत घमेल्यांची साखळी लागते आणि त्या साखळीतून कुणी हलायचं नसतं. बायका आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडायच्या. मीही तसंच करायला लागले होते.

त्या मे महिन्यातल्या स्लॅबच्या आधी पंधराएक दिवस मला लघवीला जळजळ होत होती. उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली मागच्या बाजूला, ठणकत होतं. दिवसातून दहादा शिड्या चढल्यामुळे असेल, असं मी धरून चालले. लघवी कमी आणि चहासारखी गडद होत होती, ती उन्हामुळे असेल असं वाटलं.

स्लॅबच्या दिवशी दुपारी चौथ्या मजल्यावर मी उभी होते आणि मला थंडी वाजायला लागली. भर उन्हात माझे दात एकमेकांवर आपटत होते. कांताबाईंनी माझा हात धरला.

“अव माय! मॅडम, तुमचं आंग तं तव्यावानी तापलं. ऊन लागलं तुमाले.”

आमच्याकडे मे महिन्यात कुणाला ताप आला की तो उन्हाचाच, असं सगळेच धरतात. मला खाली आणून तळपायांना कांद्याचा रस चोळला. कुणीतरी कैरीचं पन्हं आणून दिलं. सेंट्रिंगचे शकील मिस्त्री, जे एरवी हेल्मेटवरून माझ्याशी रोज हुज्जत घालायचे, त्यांनी आपल्या डोक्याचा ओला दुपट्टा काढून माझ्या डोक्यावर टाकला आणि मला ऑटोत बसवून दिलं. सगळ्यांनी मायेनेच केलं. पण ते ऊन नव्हतं. पुढचे दोन दिवस मी तापाच्या गोळ्या घेत खोलीवर पडून राहिले आणि तेवढ्या वेळात किडनीत जंतू वाढत गेले. तिसऱ्या दिवशी मला उठवेना. घरमालकीणबाईंनी आईला फोन केला आणि मला ऑटोत घालून रुग्णालयात आणलं.

वाचणाऱ्यांना माझी पहिली विनंती ही, की तापासोबत हुडहुडी भरत असेल, एकाच कुशीत मागे दुखत असेल आणि लघवीला जळजळ असेल, तर त्याला ऊन म्हणू नका. पन्हं प्या, पण डॉक्टरांकडे जाताना वाटेत प्या.

माझ्या आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह पायलोनेफ्रायटिस. पायलोनेफ्रायटिस म्हणजे किडनीचा जंतुसंसर्ग, आणि ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे वाट अडल्यामुळे झालेला. संसर्ग रक्तात उतरू लागला होता, त्याला सेप्सिस म्हणतात. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं होतं. किडनी रक्तातला कचरा बाहेर टाकते, आणि ती थकली की हा कचरा रक्तात साठतो. तो किती साठलाय, हे क्रिएटिनिनच्या आकड्यावरून कळतं.

त्याच संध्याकाळी मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं. खडा त्या वेळी काढला नाही. आत पू असताना खड्याशी खेळायचं नसतं, असं डॉक्टरांनी आईला समजावलं. त्यांनी फक्त खड्याच्या बाजूने एक बारीक मऊ नळी वर किडनीपर्यंत सरकवली. तिला डीजे स्टेंट म्हणतात. तिची दोन्ही टोकं वळलेली असतात, त्यामुळे ती जागची हलत नाही. नळी वर पोचली आणि तुंबलेलं सगळं खाली उतरलं.

“निघालं,” पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले. “वेळेवर आलात.”

मला बाकी काही कळत नव्हतं, पण हे दोन शब्द मी घट्ट धरून ठेवले.

पुढचे दिवस वॉर्डात गेले. सलाइनमधून अँटिबायोटिक्स चालू होती. लघवीचं कल्चर केलं, म्हणजे कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो ते तपासलं, आणि त्यानुसार औषध बदललं. ताप रोज थोडा उतरत होता. डॉक्टर सकाळी येऊन एवढंच विचारायचे, “पाणी किती? लघवी किती?” पिशवीतली लघवी मोजायला खाटेशेजारी खुणा केलेलं प्लास्टिकचं भांडं होतं. सिस्टर ते बघून म्हणायच्या, “वा, आज छान झाली!” आयुष्यात बरीच बक्षिसं मिळाली, पण या गोष्टीसाठी शाबासकी मिळेल असं वाटलं नव्हतं.

वॉर्डाला लागून कडीचा दरवाजा असलेलं स्वच्छ संडास होतं. मी खाटेवर पडून त्या दरवाजाकडे बघायची. हेल्मेट, पट्टा, कठडा, जाळी हे सगळं मी साइटवर रोज तपासत होते. पण अशी कडी तिथे नाही, हे माझ्या तपासणीत कधी आलंच नव्हतं. ती गोष्ट सेफ्टीत येते, असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही आणि बायकांच्याही नाही.

गावाकडचे नातेवाईक भेटायला यायचे. खारपाणपट्ट्यातलं खारट पाणी बाधलं असेल, असं एका मामांनी ठामपणे सांगितलं. आई एकदम उसळली. “आमचं गाव गोड्या पान्याचं हाय! पोरगी पानी पेऊन नाही पडली, न पेऊन पडली.” त्या दिवसानंतर मी तिच्या तोंडी ‘सोशिक’ हा शब्द ऐकला नाही.

साइटच्या सुट्टीच्या दिवशी कांताबाई दोघीजणींना घेऊन आल्या. येताना केळी आणली होती. त्या बराच वेळ खाटेला लावलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत राहिल्या.

“हे पानी न पेल्यानं झालं?”

“पाणी न पिणं आणि लघवी रोखून धरणं, दोन्हीनं.”

“मंग आमचं काय व, मॅडम?” त्या हसल्या, पण हसता हसता त्यांनी आपल्या कमरेवर हात ठेवला. “आमी तं जलमापासून असंच करून राहिलो. माह्या बी कमरीत सुया टोचल्यावानी होते कधी कधी.”

मी म्हणाले, “पाणी प्या. काहीही करून प्या.”

“पेलं तं किडनी वाचते, नाही पेलं तं इज्जत,” कांताबाई म्हणाल्या. “सांगा, कोनाले वाचवू?”

सोबतच्या दोघी खुदकन हसल्या. मी डॉक्टरांना सांगून कांताबाईंची लघवीची तपासणी करून घेतली. सुदैवाने संसर्ग साधा होता आणि गोळ्यांवर भागला.

ताप पूर्ण उतरल्यावर मला घरी सोडलं. स्टेंट आत असताना सारखं लघवीला झाल्यासारखं वाटतं. ते नैसर्गिक आहे, घाबरू नका. पण मला ते चांगलंच शिकवून गेलं. अमरावतीहून अकोल्याला एसटीने जाताना मूर्तिजापूरच्या स्टँडवर मी आईचा हात धरून धावतच उतरले. जी गोष्ट मी दिवस दिवस अडवून ठेवायची, ती आता मला क्षणभरही अडवता येत नव्हती. स्टँडवरच्या संडासाला कडी नव्हती. आई बाहेर दाराला पाठ लावून उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावत राहिली.

काही आठवड्यांनी दुसरं ऑपरेशन झालं. युरेटेरोस्कोपी, म्हणजे लघवीच्या मार्गातून दुर्बीण आत नेऊन लेझरने खड्याचा चुरा करायचा. पोटावर कुठे चीर नाही की टाका नाही. मग स्टेंटही काढला. तो काढताना क्षणभर कसंतरी होतं, पण संपतं लगेच.

उरला होता एकच प्रश्न. किडनी वाचली का?

त्यासाठी नागपूरला जाऊन रिनल स्कॅन केला. हातात थोडं किरणोत्सारी औषध टोचतात आणि दोन्ही किडन्या ते किती वेगाने बाहेर टाकतात, हे यंत्र मोजतं. मी यंत्राखाली निपचित पडले होते. बाहेर वडील बसले होते, जे पहाटेची फुलतोड सोडून कधी कुठे जात नाहीत. एवढ्या सगळ्यात मला पहिल्यांदा भीती वाटली ती तिथे. कारण आता औषध, ऑपरेशन, सगळं करून झालं होतं. जे झालं असेल, ते झालं होतं.

अमरावतीला परतल्यावर आईवडिलांसमोर डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली.

“डावी पूर्ण जोरात आहे. उजवी तिच्यापेक्षा मागे पडलीय. थोडं नुकसान झालंय, ते भरून येणार नाही. पण ती काम करतेय.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुमच्या भाषेत, कामावर हजर आहे.”

वडिलांनी डोळे पुसले. मी हसले.

“आता अट ऐका,” डॉक्टर म्हणाले. “दिवसाला तीन लिटर पाणी. उन्हाळ्यात त्याहून जास्त. आणि दर दोन-तीन तासांनी जाऊन यायचं, लागो न लागो. असाच झटका पुन्हा बसला, तर या किडनीबद्दल मी शब्द देणार नाही.”

बाहेर येताच आई म्हणाली, “मंग ते साइट सोड तू. कुठी शाळेत लाग, हापिसात लाग. मले तुई किडनी पायजे.”

तिचं चुकत नव्हतं. मी साइट सोडली असती तर माझी किडनी सुरक्षित राहिली असती, यात शंका नाही. पण मला ते काम आवडत होतं आणि येत होतं. शिवाय कांताबाईंना मी अजून उत्तर दिलं नव्हतं. मी आईला म्हणाले, “तिथे कडीचा दरवाजा झाला की मी जाईन. नाही झाला, तर नाही जाणार.” ती या अटीवर तयार झाली.

मी आमच्या प्रोजेक्ट इंजिनिअरांना फोन करून बायकांसाठी संडास मागितलं. त्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो. माणूस चांगला. रुग्णालयातही भेटून गेले होते. ते म्हणाले, “मॅडम, आधीच्या साइटवर मी दोनदा बांधून दिलं होतं. एकदा दाराचा पत्रा चोरीला गेला, एकदा नळ. टिकत नाही हो.”

“कठडासुद्धा लोक काढून नेतात, साहेब. आपण परत लावतो.”

ते म्हणाले, “या तुम्ही. बांधून ठेवतो.”

मी रुजू झाले तो दिवस सहाव्या स्लॅबच्या आदला. आधी मी मागच्या बाजूला गेले. त्यांनी शब्द पाळला होता. विटांची पक्की खोली, वर पत्रा, लोखंडी दार. आणि दाराला बाहेरून कुलूप. फटीतून बघितलं तर आत सिमेंटच्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या. स्टोअरकीपरला साइटवर एवढी कोरडी जागा दुसरी दिसली नव्हती.

मी ऑफिसात गेले. उद्याच्या स्लॅबच्या तपासणीचा कागद सहीसाठी टेबलावर होता. मी म्हणाले, “टेकू ठीक आहेत, जाळी ठीक आहे, कठडा आहे. पण मी सही करणार नाही.”

“उद्यापुरतं चालवून घ्या, मॅडम,” साहेब म्हणाले. “गोण्या पावसात ठेवू का? स्लॅब झाला की पहिलं काम तेच.”

“जिन्याला कठडा नसता, तर तुम्ही म्हणाला असता का, उद्यापुरतं चालवून घ्या? साहेब, माझी किडनी याच साइटवर गेली असती. उंचीवरून पडून नाही, पण याच साइटवर. आणि स्लॅबच्या दिवशीच.”

शकील मिस्त्री दारात उभे होते. टेकू दाखवायला आले होते. त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

“सही बात हाय, साहेब. सिमेंटले पक्की खोली, अन बायांले आस्मान. कसं दिसते ते?”

साहेबांना हसू आलं, आणि हसू आल्यावर माणसाला फार ताणता येत नाही. त्यांनी स्टोअरकीपरला हाक मारली. “किल्ली आण. गोण्या खालच्या जिन्याखाली रच, वरून ताडपत्री टाक.”

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली, धुतली गेली, पाण्याचा ड्रम आला. रोज सफाईला येणाऱ्या माणसाशी बोलणं झालं. दाराला आतून कडीच नव्हती. शकील मिस्त्रींच्या माणसांनी सळईचा तुकडा वाकवून ती वेल्डिंगने बसवली. मिस्त्रींनी पुढे येऊन आपणहून आणखी एक केलं. दारासमोर जुन्या प्लायचा एक आडवा पडदा उभा केला, म्हणजे कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हे वरून दिसू नये. तो आडोसा माझ्या डोक्यात आला नव्हता. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर घरघरायला लागला. बायकांच्या बाजूला पाण्याचा माठ भरून ठेवला होता. मी बघत होते. एक बाईही माठाकडे फिरकली नाही. कांताबाईंच्या गालात नेहमीची सुपारी होती.

“आता काहून पाणी पीत नाही?” मी विचारलं.

“पेईन ना, मॅडम. सवय नाही राह्यली. अन कोन जाईन पह्यलं? सारे पाहून राह्यले.”

खरं होतं. खोली झाली होती, पण इतक्या वर्षांची लाज एका दिवसात कुठे जाणार. मग मी माठाजवळ गेले. सगळ्यांसमोर दोन ग्लास पाणी प्यायले. थोड्या वेळाने आणखी एक. आणि चांगलं मोठ्याने म्हणाले, “कांताबाई, मी जाऊन येते.”

साखळीतले हात क्षणभर थबकले. वरून शकील मिस्त्रींचा आवाज आला, “तिकडे काय पाहून राहिले बे? सळया पाहा, सळया!”

मी शांतपणे चालत गेले आणि चालत परत आले. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात साधं काम होतं, आणि सगळ्यात अवघडही.

थोड्या वेळाने कांताबाईंनी आपलं घमेलं शेजारणीच्या हातात दिलं, माठातलं पाणी वरून तोंडात ओतलं, सुपारी थुंकली आणि त्या गेल्या. त्यांच्या जागी साखळीत मी उभी राहिले. परत येताना पडद्याआडूनच त्यांची हाक आली, “अव, कडी लागते व बायांनो! आतून लागते!”

बायका हसल्या. मग एकीमागून एक जायला लागल्या. मी आणि आणखी एक बाई अशा दोघींनी रिकाम्या जागा भरायच्या, असं आपोआप ठरलं. काँक्रीट एकदाही थांबलं नाही.

आज मी माझी किडनी जपून आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करते, क्रिएटिनिन तपासते. आई दुपारी फोन करते, तेव्हा पूर्वीसारखं ‘जेवली का’ विचारत नाही, ‘पानी पेली का’ विचारते. आवळ्याची बरणी ती अजून भरून देते, पण जेवणानंतर खायला. वेळेवर वाट मोकळी करणारे डॉक्टर, भांडं बघून शाबासकी देणाऱ्या सिस्टर, दाराला पाठ लावून उभी राहिलेली आई, फुलतोड सोडून आलेले वडील, या सगळ्यांचं देणं माझ्या अंगात आहे. ते मी रोज पाणी पिऊन फेडते. तुम्हीही प्या. आणि जिथे काम करता तिथे कडीचं दार नसेल तर ते मागा, संकोच न करता मागा. हेल्मेट मागावं तसं.

त्या सहाव्या स्लॅबच्या दिवशी दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, शकील मिस्त्रींनी वरून हाळी दिली, “मॅडम! बायांच्या तिकडचं पानी खतम!”

त्या साइटवर अशी हाळी मी पहिल्यांदा ऐकली. मी माठात वाकून बघितलं. तळ दिसत होता.

कांताबाईंनी ग्लास उलटा करून मला दाखवला. “काय व मॅडम, तुमच्या सेफ्टीचा माठ इतलासाच असते काय?”

मी दुसरा माठ भरून आणायला गाडी पाठवली, आणि तो येईपर्यंत माझ्या बाटलीतलं पाणी आम्ही सगळ्या पुरवून पुरवून प्यायलो.